कागदावर नसलेला थांबा

…तर सगळ्यात आधी आले ते पोस्टमन. म्हणजे आपले रिटायर झालेले पोस्टमन आणि त्यांची बायको. कार्यक्रम पाचचा, आणि ही जोडी सव्वाचारला हजर! आले ते थेट तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली. टेकायच्या आधी मला विचारतात, "आजी, आधी चहा आहे की आधी भाषणं?" मी म्हटलं, आधी भाषणं. तर बायकोकडे वळून म्हणाले, "बघ, घरून पिऊन निघू म्हणत होतो, तर तुझी घाई!" आणि त्यांच्या पाठोपाठ ती दातांची डॉक्टरीण…

काय? हा माईक चालू आहे? कधीपासून? अगं बाई! म्हणजे मघापासून सगळं ऐकलंत होय तुम्ही? मी आपली वहिनींच्या कानाशी बोलत होते, आणि कान निघाला सगळ्या सभागृहाचा. असू द्या. पोस्टमन हसताहेत, म्हणजे रागावलेले नाहीत. आता रीतसर सुरुवात करते.

आदरणीय अध्यक्षबाई, ज्या आपलं वाचनालय आणि हे सभागृह दोन्ही सांभाळतात. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांनी अडतीस वर्षं इथल्या पियानोचे सूर लावले आणि ज्यांना आपण सगळे नुसतं 'सूरवाले' म्हणतो. त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या वहिनी, ज्यांचा कान मी आत्ताच खाल्ला. समोर बसलेली सगळी थोरली-धाकटी मंडळी, आणि ज्यांना खुर्ची मिळाली नाही म्हणून दाराशी एका पायावर उभे आहेत तेसुद्धा. सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्षबाई म्हणाल्या, आजी, पाच मिनिटं बोला. बाई, मला ओळखणारं कुणीही सांगेल, पाच मिनिटं मला नमस्कारालाच लागतात. तिसरीतून शाळा सुटली ती सुटली. पुढे तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काजं केली, बटणं लावली. मला गाण्याबजावण्यातलं काय कळतं? काही नाही. पण मला चौकशा फार. सगळ्यांत मोठा दुर्गुण म्हणा. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "हिला देवानं दोन कान दिले ते पुरले नाहीत, म्हणून भिंतीलाही दिले." तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते सगळं चौकशा करून मिळवलेलं आहे. जिची गोष्ट आहे तिला विचारूनच सांगतेय. ती तिकडे चौथ्या रांगेत बसलीय आणि मला डोळ्यांनी दटावतेय, पण काल रात्री जेवताना हो म्हणालीय. मी पुरावा ठेवलाय, नात साक्षीला आहे.

ती म्हणजे आमची सून.

सूनबाई आमच्या घरात आली त्याला अठरा वर्षं झाली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करते. हात असा की काच फ्रेममध्ये बसते तेव्हा 'टच' एवढाच आवाज येतो. स्वभावानं कमी बोलणारी. मी आहेच दोघींच्या वाटचं बोलायला. तिची एकच खोड होती. दूध तापत ठेवलं, की उतू जायची वाट बघत ओट्यावर बोटं वाजवत उभी राहायची. दहाच्या दहा. टेबलाशी बसली की टेबलावर. बसमध्ये पर्सवर. मला वाटलं, हे काहीतरी नसेचं दुखणं आहे. आता सासू म्हणून माझी जबाबदारी नाही का? मी तिला डॉक्टरकडे नेलं! तिनंही लगेच चपला घातल्या. डॉक्टरांनी बोटं ओढून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. महिनाभर मी स्वतः मोजून दिल्या त्या. बोटं काही थांबली नाहीत. आता तुम्हीच सांगा, एका घरात, एका चुलीवर पंधरा वर्षं काढली आणि मला पत्ता नाही, की ही ओट्यावर पियानो वाजवतेय!

पत्ता लागला तो सूरवाल्यांमुळे. अडीच वर्षांपूर्वी हे नवा चष्मा करायला तिच्या दुकानात गेले. यांच्या खिशात तो दोन पायांचा लोखंडी चिमटा असतो, माहीत आहे ना? आपटला की किती वेळ गुणगुणत राहतो. गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, "काका, हे काय असतं?" यांना कुणी विचारायचाच अवकाश. लगेच काढला आणि काउंटरच्या कडेवर आपटला. आणि आतल्या खोलीतून, काच घासता घासता, मान वर न करता, आमच्या सूनबाईनं आवाज दिला:

"ए!"

दुकानाचे मालक धावतच आत गेले. "अहो, हे काय? वयस्कर गिऱ्हाईक आहे, 'ए' काय म्हणता?"

ती गोंधळली. म्हणाली, "त्यांना नाही म्हटलं. तो सूर आहे. सुराचं नाव आहे ते."

मालकांना काही उलगडलं नाही. पण सूरवाले तोपर्यंत काउंटरला वळसा घालून आतल्या दाराशी. मला यांनीच नंतर सांगितलं, "आजी, अडतीस वर्षं मी लोकांना तो चिमटा ऐकवतो. लोक 'अरे वा' म्हणतात. नाव घेऊन हाक कुणी मारली नव्हती."

यांनी तिला विचारलं, "तुम्ही पियानो वाजवता?"

"नाही."

"वाजवत होतात?"

तिनं यांचा नंबराचा कागद पुढे ओढला. म्हणाली, "तुमच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय."

सूरवाले, तुम्ही चष्मा घेऊन गप घरी गेला असतात तर आजची गोष्टच नव्हती. पण तुम्हीही माझ्याच जातीचे, चौकशीखोर. दुसऱ्या दिवशी चष्मा टोचतोय म्हणून गेलात. तिसऱ्या दिवशी सैल झाला म्हणून. चौथ्या दिवशी सांगितलंत, सभागृहात नवा पियानो आल्यापासून जुना मागच्या खोलीत पडलाय, त्याच्यावर घडीच्या खुर्च्या रचतात, अध्यक्षबाई म्हणतात कुणाच्या घरी भिंत असेल तर न्या. आणि पाचव्या दिवशी आमच्या घरी येऊन भिंत मोजलीत! मी दार उघडलं तर हे हातात टेप घेऊन उभे. म्हटलं, "कोण आपण? महानगरपालिकेचे का?"

ती भिंत म्हणजे माझ्या खोलीची. तिथे माझं कपाट होतं. चिरंजीव म्हणाले, "आई, कपाट हलवायला लागेल." मी म्हटलं, हलव. मी काही फार मोठ्या मनाची नाही. पण त्या पेटीच्या आत काय असतं ते बघायची मला इतकी उत्सुकता होती, की कपाटच काय, मी स्वतः पायरीवर झोपले असते.

आणि पियानो घरी आला तेव्हा सूरवाल्यांनी दाखवलं हो सगळं. पुढची फळी काढली. आत माणसाच्या फासळ्यांसारख्या तारा. मी विचारलं, एका पट्टीला तीन तारा कशाला? एक पुरत नाही? हे म्हणाले, "तिघी अगदी एका सुरात बोलल्या, की ऐकणाऱ्याला वाटतं एकच बाई बोलतेय." मी म्हटलं, आमच्याकडे उलटं आहे. मी एकटी बोलते आणि शेजारच्यांना वाटतं तिघी आहेत. मग यांनी दोन तारांच्या मध्ये लोकरीची पट्टी खुपसून त्यांना गप्प केलं, तिसरीचा कान पिळला, मग दुसरीला सोडलं, तिचा पिळला. अख्खा दिवस. सूनबाई कामावरून आली तेव्हा यांचं चाललंच होतं. ती दारात उभी राहिली, पर्स खांद्यालाच. जवळ आली नाही. हे आपलं सामान आवरून निघाले, आणि जाताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "खालून तिसरा सा जरा हट्टी आहे. उद्या सांगा, कसा वागतो ते."

हे गेल्यावर मी तिला सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

तेव्हा ती बोलली. सात वर्षांची असल्यापासून शिकत होती. सभांमध्ये वाजवायची, बक्षिसं आणायची. एकोणीस वर्षांची असताना मोठ्या सभागृहात तिचा कार्यक्रम होता. वाजवता वाजवता मध्येच हात थांबले. पुढचं आठवेना. "आई," ती म्हणाली, "चुकले असते तर चाललं असतं. चूक होते, पुढे जाता येतं. पण समोरची माणसं इतकी गप्प झाली, इतकी गप्प, की मला माझ्या बांगडीचा आवाज मोठा वाटायला लागला." किती वेळ बसली तिलाच आठवत नाही. मग उठली, पायऱ्या उतरली, आणि त्याच कपड्यांत चालत घरी गेली. पुन्हा झाकण उघडलं नाही. चोवीस वर्षं!

मी म्हटलं, कुणी काही बोललं का तुला? म्हणाली, "नाही ना. तेच तर. कुणीच काही बोललं नाही."

मंडळी, कुणी मारलं, कुणी हसलं, तर मला समजतं. पण गप्प बसण्यानं कुणाचे हात चोवीस वर्षं बांधले जातात, हे माझ्यासारख्या बडबड्या बाईला नवीनच होतं. मी पुष्कळ दिवस त्याच्यावर विचार केला.

असो. वाजवायला बसली एकदाची. संध्याकाळी कामावरून आली की तासभर. त्या वेळी मी स्वयंपाकघरात भाज्या निवडत असते, मधलं दार उघडं. एकच तुकडा, रोज तोच. मला तो इतका पाठ झाला की भेंडी त्याच्या तालावर चिरली जायची. सुरुवातीला हळू, मग जिना चढल्यासारखं, चढत चढत वर जायचं, आणि तिथे थांबायचं. एकदम. मग दोन-तीन श्वास काही नाही. मग पुढे.

आता मी काय केलं ते नीट ऐका, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

आपण गोष्ट ऐकतो तेव्हा सांगणाऱ्याला 'हं' म्हणत राहतो की नाही? मी नातीला दुपारी गोष्टी सांगायचे तेव्हा तीही द्यायची हं. हं आलं नाही की सांगणारा समजतो, झोपलं पोर, आणि गोष्ट तिथेच सोडतो. तर पहिल्याच आठवड्यात, तो तुकडा वर चढून थांबला, आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "हं. मग?" भेंडी निवडता निवडता. आतून सूनबाईच्या हसण्याचा आवाज आला, आणि पियानो पुढे चालू झाला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. दोन वर्षं! ती थांबायची, मी म्हणायचे "हं. मग?" आणि ती पुढे जायची. मला वाटलं, हा तुकडाच असा आहे. बनवणाऱ्यानंच तिथे थांबायला सांगितलं असणार, ऐकणारा जागा आहे का बघायला. किती हुशार माणूस, असंसुद्धा मी मनात म्हटलं.

मग तीन आठवड्यांपूर्वीचा तो कार्यक्रम. इथेच, याच सभागृहात. सूरवाल्यांचा निरोपाचा दिवस ठरला तेव्हा यांनी तिच्याकडे एकच मागणं केलं, मी जायच्या आधी एकदा माझ्या हातच्या पियानोवर लोकांसमोर वाजवा. ती चार दिवस हो-नाही काही म्हणेना. पाचव्या दिवशी घासलेल्या काचेसारखी लख्ख होऊन आली आणि म्हणाली, "आई, मी हो सांगून आले. आता स्वयंपाक तुम्ही बघा, मी वाजवायला बसते."

चिरंजीवांनी मला आठवडाभर शिकवणी दिली. "आई, तिथे बोलायचं नाही. मधेच टाळ्या नाहीत. पिशवीची कुरकुर नाही. खोकला आला तर गिळायचा." मी म्हटलं, अरे, श्वास घेऊ की घरी ठेवून येऊ? तर नात म्हणते, "आजी, हळू घे." तुम्हाला आठवत असेल, पहिल्या रांगेत रुमाल तोंडाशी धरून बसलेली ती मीच.

ती आली, बसली, सुरू केलं. हळू, मग जिना, चढत चढत वर. आणि थांबली.

मला काय? मी निवांत. मला ठाऊकच होतं, इथे थांबतात. पण बाजूला बघते तर चिरंजीवांचा चेहरा पांढरा. नातीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा दिसत होता. मला कळेना, यांना झालंय काय? दोन श्वास झाले, तीन झाले. चार झाले. सगळं सभागृह कसं गप्प! तुम्ही सगळे होतात, तुम्हाला सांगायला नको. पोस्टमनसुद्धा गप्प होते. आणि मी मनात म्हटलं, अरेच्चा, ही बिचारी वाट बघतेय आणि मी रुमाल धरून बसलेय!

म्हणून म्हटलं. जरा मोठ्यानंच गेलं, पहिली रांग असली तरी स्टेज उंच आहे ना.

"हं. मग?"

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. चिरंजीवांनी डोळे मिटले. पण मी तिच्याकडे बघत होते. तिचे खांदे, इथपर्यंत वर गेलेले, असे खाली आले. आणि पुढचं वाजवलं हो तिनं. शेवटपर्यंत. पुढचं सगळं तुम्ही ऐकलंच आहे. मी तरी काय सांगणार त्याच्याबद्दल, मला शब्द नाहीत, आणि मला शब्द नाहीत असं कधी झालंय का?

कार्यक्रम संपल्यावर सूरवाले पडद्याआडून आले ते माझ्याकडे. म्हणाले, "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"ती अडकली होती ते."

"अडकली? कुठे अडकली? ती नेहमीसारखी थांबली."

तेव्हा यांनी तिचे सूर लिहिलेले कागद आणले, माझ्यापुढे धरले, त्या किड्या-मुंग्यांवर बोट ठेवलं. "हे बघा. इथून वर जायचं, आणि इथून सरळ पुढे. इथे थांबा नाही, आजी. कुठेच नाही."

मला ते कागद वाचता येत नाहीत. पण बोट सरळ पुढे गेलं ते दिसलं. मी खाली बसले.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "अगं, दोन वर्षं तू तिथे अडकत होतीस आणि मी हं, हं करत होते? मला सांगायचं नाहीस?" ती म्हणाली, "तीच जागा आहे आई, तेव्हाचीच. तिथे आले की बोटं एकोणीस वर्षांची होतात. पण तुमचं हं आलं की वाटायचं, कुणीतरी ऐकतंय, आणि भेंडीही निवडतंय. म्हणजे फार काही बिघडलेलं नाही."

आणि मग म्हणाली, "पण मी आता पुन्हा नाही वाजवणार बाहेर. झालं एकदा. प्रत्येक सभागृहात तुम्हाला कुठे घेऊन फिरू?"

हसून म्हणाली. पण मी अठरा वर्षं बघतेय तिला, ते हसू वरचं होतं. मंडळी, मला तेव्हा फार चुटपुट लागली. मी मदत केली की कुबडी दिली? माझ्या 'हं'नं तिला पुढे नेलं, की तिथे थांबायचीच सवय लावली? हा प्रश्न मी कुणाला विचारणार! यांना विचारला. सूरवाले म्हणाले, "आजी, तार ताणून बसवली की पहिले काही दिवस सारखी उतरते. रोज जाऊन पिळावी लागते. मग एक दिवस धरून राहते. तो दिवस कधी, ते पिळणाऱ्याला सांगता येत नाही. फक्त एकदा हात न लावता बघायचं."

म्हणून गेल्या रविवारी मीच तिला म्हटलं, "आज मी बोलणार नाही. वाजव." ती म्हणाली, "जमेल तुम्हाला?" तिला माझी जास्त काळजी!

मी भेंडी घेऊन बसले. दार उघडं. हळू, जिना, वर. थांबली. मी दातांत भेंडी धरली. कच्ची. एक श्वास. दोन. चिरंजीव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांच्या पानाचा आवाजसुद्धा थांबला. माझ्या जिवाची जी काय तगमग झाली ती तुम्हाला सांगते, बाळंतपणात झाली नव्हती. तीन. आणि ती पुढे गेली. एकटी. सरळ, कागदावर आहे तशी. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा एकच श्वास. तिसऱ्यांदा थांबलीच नाही.

मला आनंद झाला, किती झाला! आणि खोटं का बोलू, थोडं वाईटही वाटलं. दोन वर्षं त्या तुकड्यात माझा एक शब्द होता. आता तो नाही. सूरवाले, तुमचंही तसंच होत असेल ना? तार धरून राहिली की तुमचं काम संपलं, आणि ऐकणाऱ्याला तुम्ही कधी आला होतात हेही कळत नाही. हे विचारायचं राहून गेलं होतं माझं, म्हणून सगळ्यांसमोर विचारतेय. मान हलवलीत, पोचलं.

काल हे दोघं निरोप घ्यायला घरी आले होते. सामान बांधून झालंय, सोमवारी लेकीकडे निघताहेत, दिवसभराचा प्रवास. वहिनी म्हणाल्या, आता कधी भेट कोण जाणे. तेवढ्यात सूनबाई आतून आली, हात पुसत, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मी अध्यक्षबाईंकडे तारीख मागितलीय. पुन्हा वाजवायचं म्हणतेय. आई मागच्या रांगेत बसणार आहेत." मला आधी काही सांगितलं नव्हतं! मागच्या रांगेत का, तर म्हणाली, "पुढे बसलात की तुमचा चेहराच हं म्हणतो."

आता आटपते. अध्यक्षबाईंनी दोनदा घड्याळाकडे बघितलं, पोस्टमननी चारदा दाराकडे. सूरवाले, आमच्या भिंतीला, आमच्या घराला तुम्ही जे दिलंत त्याला नाव द्यायला मला शाळा पुरली नाही. वहिनी, तुम्ही यांना अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या पियानोंकडे जाऊ दिलंत, तुमचेही उपकार. अध्यक्षबाई, माईक दिलात, धन्यवाद. चालू होता ते सांगितलं नाहीत, त्याबद्दल मी रागावलेले नाही. एवढा वेळ बसलात, सगळ्यांची मी ऋणी आहे. कुणाचं मानाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलताना पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं असेल, तर घरच्या म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आणि हो, तारीख मिळालीय. हे दोघं सूनबाईला शब्द देऊन गेलेत: पुढच्या महिन्यात, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं येतील, आमच्याकडे उतरतील, सकाळी पियानो तपासतील आणि दुपारी चारला सगळ्यांसारखं खुर्चीत बसून ऐकतील. महिन्याचा दुसरा शनिवार.